मक्याच्या पोंग्यातली वंशावळ

२०१८ च्या मे महिन्यात शिवमोग्ग्याच्या कृषी महाविद्यालयातल्या मक्यावर शरणबसप्पा आणि सी. एम. कल्लेश्वरस्वामी या कीटकशास्त्रज्ञांना एक अळी सापडली. मक्यावर अळी दिसण्यात तसे नवल नव्हते. खोडकिडा दरवर्षीचा, देशी लष्करी अळी अधूनमधून येणारी. स्पोडोप्टेरा लिट्युरा, म्हणजे तंबाखूची पाने खाणारी अळी, तर सोयाबीन, भुईमूग, कपाशी, मिरची, समोर येईल ते फस्त करते. पण या अळीची तऱ्हा निराळी होती. ती थेट पोंग्यात शिरून बसत होती. पोंगा उघडला की आत भुशासारख्या विष्ठेचा ओला लगदा दिसायचा. गुंडाळलेल्या पानाला तिने आतून आरपार कुरतडले की पान उलगडल्यावर त्यावर एका ओळीत भोके दिसत. आणि बहुतेक पोंग्यांत मोठी अळी एकच असे, कारण जागेसाठी आणि खाण्यासाठी या अळ्या एकमेकींनाच खातात.

डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी फिकट रेघ, शेपटीकडच्या आठव्या खंडावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. या खुणा पुस्तकात होत्या, पण पुस्तक अमेरिकेच्या किडीचे होते. जॉन ॲबट या चित्रकाराने जॉर्जियातले पतंग आणि अळ्या रंगवल्या, जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी त्यांची वर्णने लिहिली आणि १७९७ मध्ये तो ग्रंथ लंडनला छापला गेला. या किडीला शास्त्रीय नाव मिळाले ते तिथे. आज ती स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा म्हणून ओळखली जाते. आपल्याकडे शेतकरी तिला अमेरिकन लष्करी अळी किंवा नुसतेच लष्करी अळी म्हणतात.

आता प्रश्न पुराव्याचा होता. अळी लहान असताना या खुणा नीट उमटलेल्या नसतात, आणि स्पोडोप्टेराच्या तिसेक जातींच्या अळ्या एकमेकींना चकवतात. भारतात आजवर कधी न नोंदलेली परदेशी कीड आली आहे, असे जाहीर करायचे तर ठिपक्यांवर विसंबून चालणार नव्हते.

कारवारची रीत

या भागात अळीवरून जात ओळखण्याची परंपरा जुनी आहे. उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात होता तेव्हा कारवारला तीन ब्रिटिश अधिकाऱ्यांना फुलपाखरांचे वेड होते. जकात आणि मीठ खात्यातले ई. एच. एटकेन, सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन आणि जंगल खात्यातले टी. आर. बेल. एटकेन यांचा जन्म साताऱ्याचा, एका मिशनऱ्याच्या घरातला. ‘एहा’ या टोपणनावाने त्यांनी लिहिलेली निसर्गावरची खुसखुशीत पुस्तके त्या काळी घरोघरच्या इंग्रजी वाचकांना ठाऊक होती. या तिघांनी मिळून उत्तर कानड्यातल्या फुलपाखरांवर लिहिलेली लेखमाला १८९६ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली.

त्यांची रीत साधी होती, पण चिकाटीची. रानात अळी सापडली की ज्या झाडावर सापडली त्याच झाडाची पाने घालून ती वाढवायची, कात टाकताना रंग कसा बदलतो ते टिपायचे, कोष कसा लटकतो ते पाहायचे आणि बाहेर आलेल्या फुलपाखरावरून अळीला नाव द्यायचे. अळी आणि फुलपाखरू एकाच जिवाची दोन रूपे आहेत, हे प्रत्येक जातीपुरते असे पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागे. बेल नोकरीतून निवृत्त झाल्यावरही कारवारलाच राहिले आणि अखेरपर्यंत अळ्या पाळत राहिले.

ही रीत आजही चुकीची ठरलेली नाही. शिवमोग्ग्यातही अळ्या वाढवून पतंग तपासले गेलेच. फरक घाईचा होता. मक्याच्या शेतकऱ्याला पिढीभराची चिकाटी परवडत नाही. उन्हाळ्यात ही कीड अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास साधारण तीस दिवसांत उरकते, एक मादी हजारावर अंडी घालते आणि पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर उडू शकतो. शिवमोग्ग्याहून हावेरी, हुबळी, धारवाड या हिशेबाने दोन-तीन रात्रींच्या अंतरावर होते.

साडेसहाशे अक्षरे

त्यामुळे डीएनए वाचायचे ठरले. डीएनएतली अक्षरे क्रमाने वाचण्याची सोयीस्कर पद्धत फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये दिली होती. कॅरी म्युलिस यांनी १९८३ मध्ये पीसीआरची युक्ती शोधली आणि डीएनएच्या नेमक्या तुकड्याच्या हव्या तितक्या प्रती काढता येऊ लागल्या. १९९४ मध्ये फोल्मर आणि सहकाऱ्यांनी प्राइमरची, म्हणजे प्रत कुठून सुरू करायची ते दाखवणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची, अशी एक जोडी प्रसिद्ध केली की गोगलगायीपासून किड्यापर्यंत जवळपास कुठल्याही अपृष्ठवंशी प्राण्यात ती एकाच जनुकाचा तुकडा पकडते. त्या तुकड्याचे नाव सायटोक्रोम ऑक्सिडेज, प्रयोगशाळेच्या बोलीत सीओ-वन. २००३ मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी सुचवले की या जनुकाची सुमारे साडेसहाशे अक्षरे दुकानातल्या बारकोडसारखी वापरता येतील. आपले म्हणणे पटवायला त्यांनी घेतले होते दोनशे जातींचे पतंग आणि फुलपाखरे.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते? अळी पकडली की अल्कोहोलमध्ये बुडवतात, नाहीतर तिचा डीएनए कुजतो. पतंग असेल तर एक पाय पुरतो, आणि बाकीचा पतंग टाचणीला टोचून संग्रहात ठेवता येतो. पाय कुटून, रसायनात उकळून, प्रथिने आणि चरबी बाजूला काढली की नळीच्या तळाशी डोळ्यांना जेमतेम दिसेल असा डीएनए उरतो. तो पीसीआर यंत्रात घालायचा. यंत्र नळी ९४ अंशांच्या आसपास तापवते, पन्नाशीपर्यंत उतरवते, पुन्हा ७२ वर नेते. तापल्यावर दुहेरी पेड सुटतात, थंडाव्यात प्राइमर चिकटतात, ७२ वर नवी प्रत तयार होते. असे तीस-पस्तीस फेरे झाले की एका तुकड्याच्या अब्जावधी प्रती होतात. मग ती अक्षरे वाचून जगभरच्या नोंदींशी ताडून पाहायची. दोन-तीन दिवसांत उत्तर हाती येते.

बंगळुरूला भारतीय बागायती संशोधन संस्थेत आर. असोकन यांच्या साहाय्याने शिवमोग्ग्याच्या किडीची ही ओळख पटली. तिकडे राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोच्या शास्त्रज्ञांना जुलैत चिक्कबळ्ळापूर भागातल्या मक्यावर हीच अळी मिळाली, त्यांनीही बारकोड वाचला. दोन्हीकडची अक्षरे जुळली आणि ३० जुलै २०१८ ला ब्युरोने देशाला इशारा दिला. कीड नजरेस पडल्यापासून नाव पक्के होईपर्यंत अडीच महिने गेले. कारवारच्या त्रिकुटाला हा वेग खराच वाटला नसता.

धारवाडचा खरीप

इशारा आला तेव्हा उत्तर कर्नाटकात खरिपाचा मका गुडघ्याच्या वर गेला होता. धारवाड, हावेरी, बेळगाव हा पट्टा मक्याचा. पश्चिमेला कलघटगी, अळणावरकडे मलनाडाचा पाऊस, पूर्वेला नवलगुंदची काळी जमीन, आणि मधल्या पट्ट्यात कोंबडीखाद्याला आणि स्टार्चला जाणारा मका. धारवाडचे कृषी महाविद्यालय १९४७ चे, म्हणजे हा जिल्हा मुंबई प्रांतात होता तेव्हाचे. १९८६ मध्ये त्याच परिसरात स्वतंत्र कृषी विज्ञान विद्यापीठ उभे राहिले. तिथल्या सी. पी. मल्लापूर आणि सहकाऱ्यांनी लगोलग उत्तर कर्नाटकातले मक्याचे मळे पालथे घातले. काही शेतांत अळी तुरळक होती, काही शेतांत जवळपास प्रत्येक झाड पोखरलेले होते.

सीमेपलीकडे पोचायला तिला वेळ लागला नाही. त्याच वर्षी अंकुश चोरमुले आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात, सोलापूर आणि सांगली भागात ती नोंदवली. मक्यावर तर होतीच, पण उसावरही होती, आणि त्या बातमीने साखरपट्ट्याच्या पोटात गोळा आला. त्या शोधनिबंधावर शिवमोग्ग्याच्या आणि बंगळुरूच्या शास्त्रज्ञांचीही नावे आहेत. २०१९ च्या खरिपात महाराष्ट्रातल्या मका उत्पादकांनी ही अळी पुरती भोगली. कामगंध सापळे, पोंग्यात माती किंवा राख टाकणे, इमामेक्टिन बेंझोएटची फवारणी, भाताचा कोंडा आणि गूळ आंबवून त्यात थायोडीकार्ब मिसळलेले आमिष, असे सगळे उपाय झाले. पोंग्याच्या तळाशी विष्ठेची बुचे मारून बसलेल्या मोठ्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही, हे ज्याने त्याने आपापल्या खर्चाने शिकून घेतले.

आईकडची नोंद

नाव कळले, पण नाते कळायचे होते. ही अळी कोणत्या घराण्यातली, कोणत्या वाटेने आली?

कोल्हापूर, सांगली, बेळगाव, धारवाड या भागात हेळवी येतात. घराण्याची कूळकथा त्यांच्या वहीत असते. मूळ गाव कोणते, कोणत्या पिढीत कोण कुठे गेला, हे ते दारात उभे राहून सांगतात. हेळव्याच्या वहीत वंश चालतो बापाकडून. सीओ-वन हे जनुक अगदी त्याच्या उलट. ते पेशीतल्या मायटोकाँड्रियात असते आणि संततीला मिळते ते फक्त आईकडून. बापाची बाजू त्यात उमटतच नाही. साडेसहाशे अक्षरांचा बारकोड नावापुरता खणखणीत असला तरी वंशावळ म्हणून तो एकाच बाजूची साक्ष आहे.

या किडीच्या बाबतीत ही उणीव नेमकी नडली. अमेरिकेत तिचे दोन गट आहेत, दिसायला हुबेहूब सारखे. १९८० च्या दशकात लुइझियानात डोरोथी पॅशली यांनी दाखवले की मक्यावरच्या अळ्या आणि भात किंवा हरळीवरच्या अळ्या यांची प्रथिने वेगळी आहेत. एकाला मका-गट म्हटले गेले, दुसऱ्याला भात-गट. पुढे सीओ-वनमध्येही या दोन गटांची अक्षरे सुमारे दोन टक्क्यांनी वेगळी निघाली. भारतातल्या अळ्यांचा बारकोड वाचला तर त्या भात-गटाच्या निघाल्या. आणि सापडल्या होत्या मक्यात! भाताच्या खाचरांवर मात्र धाड पडली नव्हती.

उलगडा झाला दुसरे जनुक वाचल्यावर. फ्लोरिडात अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत काम करणारे रॉड नागोशी टीपीआय नावाचे जनुक वाचत होते. हे जनुक झेड गुणसूत्रावर असते. पतंगांत लिंगनिश्चिती माणसाच्या उलटी असते. नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. मादीला तिचा एकुलता झेड बापाकडूनच मिळतो. म्हणजे मादी अळीतल्या टीपीआयने बापाचे घराणे सांगावे, सीओ-वनने आईचे. २०१९ मध्ये नागोशी आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या आणि भारतातल्या अळ्यांची दोन्ही जनुके ताडून पाहिली. आईची नोंद भात-गटाची, बापाची मका-गटाची. मागे कधीतरी या दोन घराण्यांत सोयरीक झाली होती आणि तिची संतती आफ्रिका-भारतात पसरली होती. खाण्याची आवड मक्याची होती, कारण मका-गटाचा वारसा पेशीच्या केंद्रकात शाबूत होता.

आफ्रिकेतल्या आणि भारतातल्या अळ्यांचे साम्य इतके होते की कथा आपोआप जुळून आली. २०१६ च्या सुरुवातीला नायजेरियात पहिली नोंद, गेऑर्ग गोर्गेन आणि सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली. दोन वर्षांत सहाराच्या दक्षिणेकडचे बहुतेक देश तिने व्यापले. मग २०१८ ला भारत, २०१९ च्या सुरुवातीला चीनचा युन्नान प्रांत, २०२० च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलिया. पश्चिमेकडून पूर्वेकडे शिस्तीत सरकणारी फौज. नकाशावर बाण काढले की चित्र पूर्ण होत होते.

बाणांची मोडतोड

दोन जनुकांवरून काढलेले हे चित्र सगळा जीनोम वाचल्यावर टिकले नाही. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेतले वी टेक टे आणि सहकाऱ्यांनी अमेरिका, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियातल्या अळ्यांचे जीनोम ताडले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा की आशियातल्या सगळ्या समूहांचे नाते आफ्रिकेतल्या समूहांतून सरळ निघत नाही. एकाहून अधिक वेळा, एकाहून अधिक वाटांनी ही कीड जुन्या जगात, म्हणजे अमेरिकेबाहेरच्या खंडांत, शिरली असावी. पहिली नोंद झाली ती तारीख आणि कीड खरोखर आली ती तारीख यांत अंतर असू शकते, आणि नोंदींच्या तारखा जोडून काढलेला बाण म्हणजे प्रवास नव्हे. सगळ्यांनाच हे मान्य आहे असे नाही. एकाच मूळ समूहातून पसरल्याच्या बाजूचे पुरावेही मांडले गेले आहेत आणि वाद चालू आहे.

कीटकांच्या नात्यांचा अभ्यास करणाऱ्यांना हा धडा नवा नव्हता. एकेका जनुकावर उभारलेल्या वंशवृक्षांनी त्यांना पूर्वीही अनेकदा उलटसुलट उत्तरे दिली होती. म्हणून २०१४ मध्ये बर्नहार्ड मिसोफ आणि शंभरेक सहकाऱ्यांनी कीटकांच्या सगळ्या प्रमुख गणांचा वृक्ष मांडला तेव्हा १,४७८ जनुके एकत्र वाचली. त्यातून कीटकांचा उगम सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीचा आणि पंखांचा उगम सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा असा अंदाज निघाला. कोट्यवधी वर्षांच्या नात्याला हजार जनुके लागली. अवघ्या काही वर्षांपूर्वीच्या स्थलांतराला तर त्याहून बारीक वाचन लागते, कारण तेवढ्या काळात अक्षरे फारशी बदललेलीच नसतात.

भावकीतली बुरशी

धारवाडला मात्र नात्याचा उपयोग वेगळ्याच बाजूने झाला. नोमुरिया रायलेयी या बुरशीवर तिथे एस. लिंगप्पा, आर. के. पाटील यांच्यासारखे कीटकशास्त्रज्ञ लष्करी अळी येण्याच्या कितीतरी आधीपासून काम करत होते. पावसाळी, दमट, थंडसर हवेत ही बुरशी सोयाबीन आणि भुईमुगावरच्या स्पोडोप्टेरा लिट्युरावर पडते. अळी खाणे सोडते, पानाला चिकटून ताठ होते, अंगावर आधी पांढरी बुरशी येते आणि मग फिकट हिरव्या बीजाणूंची पूड. वाऱ्यासरशी ती पूड शेजारच्या अळीवर जाते. धारवाडचा ऑगस्ट-सप्टेंबर तिला मानवतो.

नवी कीड आली ती लिट्युराच्याच भावकीतली. त्यामुळे बुरशीला ती परकी वाटली नाही. २०१८ मध्येच मक्यातल्या लष्करी अळ्या या बुरशीने मरताना दिसल्या, आणि मल्लापूर, पाटील, लिंगप्पा आणि सहकाऱ्यांनी मक्यावर या बुरशीच्या फवारणीचे प्रयोग करून निष्कर्ष प्रसिद्धही केले. अंड्यांवर जगणाऱ्या टेलेनोमस या गांधीलमाशीच्या जातकुळीतल्या बारक्या कीटकाचेही तसेच झाले. लिट्युराच्या बंदोबस्तासाठी टेलेनोमस रेमस १९६३ मध्ये न्यू गिनीहून भारतात आणला होता. कर्नाटकात नव्या किडीच्या अंडीपुंजांतही टेलेनोमस सापडला. अनोळखी शत्रूशी लढायला ओळखीचे मित्र आयते मिळाले, ते चुलतनात्यामुळे.

याच बुरशीचे नाव मध्यंतरी बदलले होते. २०१४ मध्ये अनेक जनुके ताडून पाहणाऱ्या बुरशीशास्त्रज्ञांच्या लक्षात आले की ती मेटारायझियम या घराण्यातलीच आहे, म्हणून तिचे नाव मेटारायझियम रायलेयी झाले. धारवाडच्या शेतात तिने काम थांबवले नाही, पण शोधनिबंधांत आणि नोंदणीच्या कागदांत दोन्ही नावे नांदू लागली.

दार उघडे की बंद

बारकोडचे काम अडीच महिन्यांत झाले. वंशावळीचे काम अजून चालू आहे, आणि एवढ्या खटाटोपाने पदरात काय पडते असे मक्याच्या शेतकऱ्याने विचारले तर त्याला दोन उत्तरे देता येतात.

पहिले उत्तर फवारणीचे. कीड जिथून येते तिथली औषधे पचवण्याची ताकद ती जीनोममध्ये बरोबर घेऊन येते. जुन्या जगातल्या लष्करी अळ्यांत ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांना दाद न देणारे जनुकीय बदल सर्रास आढळले आहेत. ते इथल्या फवारणीने घडलेले नाहीत, येतानाच आलेले आहेत. कोणते औषध पहिल्या दिवसापासून वाया जाणार, हे शेतात पैसे घालण्याआधी प्रयोगशाळेत कळू शकते.

दुसरे उत्तर बंदरांचे आणि विमानतळांचे. ही कीड एकदाच आली आणि पसरली असेल, तर तिच्यासाठी दारावर पहारा ठेवण्याची वेळ निघून गेली. ती वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा पुन्हा येत असेल, तर दार अजून उघडे आहे आणि उद्या एखाद्या नव्या औषधाला पुरून उरणारी, किंवा खरोखरीच भातावर ताव मारणारी घराणी त्याच दाराने येऊ शकतात. मग क्वारंटाइन तपासणीवरचा खर्च आजही सार्थकी लागतो. या दोहोंतले खरे कोणते, ते ठरवायला दरवर्षी धारवाडपासून सोलापूरपर्यंतच्या शेतांतून अळ्या गोळा करून, अल्कोहोलमध्ये जपून, गाव-तारीख लिहून ठेवाव्या लागतील. नंतर वाचायची बुद्धी झाली आणि नमुनेच नसले, तर कितीही चांगले यंत्र आणून उपयोग नाही.